नाताळच्या मोज्यातलं नऊ महिन्यांनी काय उरलं

2024 च्या नाताळात दोन लेकरांचे दोन मोजे भेटवस्तूंनी भरले होते. आता सप्टेंबर संपत आलाय. परवा कपाट आवरायला काढलं, तेव्हा वाटलं की हिशोब लिहूनच टाकावा. डिसेंबरात सगळेच सांगतात, मुलं फार खूश झाली म्हणून. त्यात काय विशेष? पंचवीस तारखेच्या सकाळी लेकरं रिकाम्या खोक्यावरसुद्धा खूश असतात. जून लागला, शाळेची दप्तरं निघाली की कळतं कोणती वस्तू घरात राहिली आणि कोणती नुसती पडून राहिली.

आम्ही जालन्याचे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. सासूबाईंच्या लहानपणी नाताळ म्हणजे नवे कपडे, दारावर कागदाची चांदणी, करंज्या, शंकरपाळे आणि पेटी-तबला घेऊन घरोघर गीतं गाणारी मंडळी. मोजा टांगणं वगैरे नव्हतं. आमच्या घरात ते मुलांनी टीव्हीत पाहून आणलं. सासूबाईंनी "कामून गं हे नवीन?" म्हणत म्हणत जुन्या गोधडीच्या कापडाचे दोन मोजे शिवून दिले. पण शिवले चांगले हातभर लांब! आणि घोळ तिथूनच सुरू झाला, कारण मोजा जेवढा मोठा तेवढं त्यात कोंबावंसं वाटतं.

2023 ला मी तेच केलं होतं. दहा-वीस रुपयांच्या पंचवीसेक वस्तू. चकाकणाऱ्या अंगठ्या, शिट्ट्या, चिकट हात, किल्लीच्या गाड्या. होळीपर्यंत निम्म्या मोडल्या. उरलेल्या मी भंगारवाल्यासमोर ठेवल्या, तर तो म्हणाला, "हे चालत न्हाई ताई." मग एके दिवशी झाडताना पलंगाखाली बटणाएवढा सेल सापडला. चकाकणाऱ्या अंगठीचं मागचं झाकण निसटलं होतं. असा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतं. माझ्या हातापायातलं बळच गेलं. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्या अंगठीवर ते होतं का, हे मी घेताना पाहिलंच नव्हतं. दहा रुपयांच्या वस्तूवर कोण बघतं?

म्हणून 2024 ला ठरवलं: मोज्यात जाईल ते एकतर खाऊन संपावं, नाहीतर वापरून संपावं, नाहीतर घरातली एखादी जुनी वस्तू हाकलून तिची जागा घ्यावी. एका मोज्याला सहाशे रुपये, त्यावर नाही.

सगळ्यात जास्त वापरली गेली ती कपाळाला बांधायची चार्जिंगची बॅटरी. खेळण्यांच्या दुकानातली नाही. शेतकरी रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला जाताना बांधतात ना, तीच, मोंढ्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली. पट्टा मुलाच्या डोक्याला सैल होता, मागे दोन टाके घालून आवळला. त्या बॅटरीवर त्यांनी पांघरुणात चित्रं काढली, गच्चीवर पाली मोजल्या, आणि यंदाच्या पावसात लाईट गेली की घरातलं मोठं माणूस आधी "बॅटरी कुठंय रे?" म्हणून मुलालाच हाक मारायला लागलं. त्याचा रुबाब काय वर्णावा! जुन्या दोन टॉर्च मी मावशींना देऊन टाकल्या. तक्रार एकच: चार्जिंगच्या भोकावरचं रबरी बूच महिनाभरात तुटलं, आता तिथं चिकटपट्टी आहे.

खोडरबरांनी मात्र फसवलं. फळांच्या आकाराची, वासाची, दिसायला गोड. मुलीनं ती कंपासपेटीत प्लास्टिकच्या पट्टीला टेकवून ठेवली. एप्रिलात इकडे पारा चाळिशीपार जातो. दप्तर पत्र्याच्या खोलीत टांगलेलं. मे महिन्यात पेटी उघडली तर स्ट्रॉबेरी पट्टीला अशी चिकटली होती की काढताना पट्टीवर खड्डा पडला. ही रबरं पीव्हीसीची असतात. ती मऊ राहावीत म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते उन्हाळ्यात शेजारच्या प्लास्टिकमध्ये उतरतं आणि त्याला विरघळवतं. साध्या पांढऱ्या रबराला कागदाचं वेष्टण का असतं, ते मला तेव्हा समजलं. मुलं पहिल्याच दिवशी ते फाडून टाकतात, ही गोष्ट वेगळी. यंदा साधं रबर घेईन, आणि पट्टी स्टीलची. स्टीलच्या कारखान्यांच्या जालन्यात राहून प्लास्टिकची पट्टी घ्यायची म्हणजे तशी लाजच.

मेणाचे खडू त्याच उन्हात मऊ पडून एकमेकांना चिकटले, पण ती चूक माझी, मी ते गाडीत विसरले. रंगीत पेन्सिली टिकल्या. दोरउड्यांची दोरी सुती घेतली होती, ती अजून आहे. शेजारणीनं मुलीला दिलेली प्लास्टिकची दोरी अंगणातल्या फरशीवर घासून दिवाळीलाही पोचायची नाही.

बियाण्यांचं सांगते. आमचं गाव बियाण्यांचं, इथं बियाणं मिळत नाही असं म्हणायची सोय नाही. मोज्यात भाजीच्या बियांची पाकिटं घालायची कल्पना मला स्वतःलाच फार आवडली होती. दुकानातून भेंडी आणि काकडीची छोटी पाकिटं आणली. रात्री मोजे भरताना एक पाकीट फोडून पाहिलं, तर बिया गुलाबी. मग डोक्यात उजेड पडला. बुरशी आणि किडीसाठी औषध लावलेल्या बियांना मुद्दाम रंग देतात, कुणी चुकून खाऊ नये म्हणून. आणि मी ते सहा वर्षांच्या पोराच्या खाऊशेजारी ठेवायला निघाले होते. पाकिटावर विषाचं चिन्ह होतं, पण मी फक्त भेंडीचं चित्र पाहून घेतलं होतं. रात्री अकराला ती पाकिटं वर फळीवर गेली आणि स्वयंपाकघरातल्या डब्यातून मेथीदाणे आणि धने कागदाच्या पुड्यांत बांधले. धने तसेच पेरले तर उगवायला वेळ घेतात. लाटण्यानं हलके रगडून दोन फाकी करायच्या, हे सासूबाईंनी शिकवलं. मुलाची मेथी तिसऱ्या दिवशी वर आली. त्यानं ती पंधरा दिवसांत तीनदा उपटून "मुळं बघायची होती" म्हणून परत लावली. आठ-दहा काड्यांची भाजी झाली असेल. ती त्यानं सगळ्यांना वाढली, मोजून. खर्च शून्य, उरलेली अडगळ शून्य. पण एवढं सांगते: माती, डबा आणि पाणी घालायची आठवण हे सगळं मोज्यात मावत नाही, ते आईच्या अंगावर येतं.

दात घासायचा ब्रश आणि नेलकटर घालून मी सगळ्यात मोठी चूक केली. कामाच्या वस्तू, रोज लागणाऱ्या, म्हणून घातल्या. मुलीनं ब्रश काढला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "मम्मी, हे तर तू तसंही आणतेस." बरोबर पकडलं. नाताळच्या नावाखाली किराणा उरकणं हे मुलांना कळतं. मुलगा तर रडलाच. मोजा पूर्ण उलटा करून झटकला, एकही खेळणं नाही. सासूबाई म्हणाल्या, "सणासुदीला लेकराला कामून रडवायलीस?" त्याच दिवशी दुपारी जाऊन त्याला लाकडी भोवरा आणला. तो भोवरा अजून आहे, जाळी म्हणजे त्याची दोरी दोनदा बदलली. म्हणजे एक वस्तू निव्वळ खेळायची हवीच, तिथं माझा नियम जरा आडवा गेला.

मोज्याच्या टोकाला परदेशात संत्रं घालतात. चौथ्या शतकातल्या मायरा गावच्या निकोलस नावाच्या बिशपानं गरीब मुलींच्या मोज्यांत सोनं टाकल्याची आख्यायिका आहे, त्या सोन्याची आठवण म्हणून ते पिवळंधमक फळ. आम्ही मोसंबी घातली. जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा संत्र्यासाठी नागपूरकडं कशाला बघायचं? दोघांनी उपासनेला जायच्या आधीच ती सोलून खाल्ली. नव्या कपड्यांवर डाग पडले.

चिठ्ठ्याही घातल्या होत्या, प्रत्येकी तीन. "एक रात्र गच्चीवर झोपायचं", "एक दिवस वेरूळ", "एक दिवस मम्मीनं ओरडायचं नाही". गच्चीची मे महिन्यात वटवली. वेरूळला गेलो, तर मंगळवार. मंगळवारी लेणी बंद असतात. मी शाळेची सुट्टी पाहिली होती, वार पाहिला नव्हता. घृष्णेश्वराच्या बाहेर पेरू खाऊन परत. मुलीनं चिठ्ठी परत मागून घेतली, कारण "लेणी कुठं झाली?" दुसऱ्यांदा रविवारी नेलं, तेव्हा कैलास पाहून झाल्यावरच तिनं चिठ्ठी माझ्या हातात दिली. ओरडायचं नाही वाली चिठ्ठी दोघांनीही अजून काढलेली नाही. कशासाठी राखून ठेवलीय कोण जाणे.

आणि पत्ते. चाळीस रुपयांचा जोड, मुलीच्या मोज्यात. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, "ख्रिस्ती घरात नाताळाला पत्ते?" त्यांच्या माहेरी पत्ते म्हणजे जुगारच. जानेवारीत थंडीत मुलांना बदाम सात शिकवलं, तेव्हा त्या लांबून बघत होत्या. फेब्रुवारीत मुलाला कानात सांगायला लागल्या. मार्चमध्ये त्यांचा स्वतःचा डाव सुरू झाला आणि आता रात्री जेवण झालं की ताटं उचलायच्या आत पत्ते वाटले जातात. जूनमध्ये चौकट सत्ती हरवली. बदाम सातमध्ये सत्ती गेली की तो अख्खा रंग अडतो, म्हणून मुलीनं खोकल्याच्या औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून सत्ती बनवली. पाठीमागून ती सगळ्यांना ओळखू येते, त्यामुळे पत्ते वाटताना ती कुणाकडं गेली हे सगळ्यांनाच माहीत असतं. परवा सासूबाई म्हणाल्या, "यंदा मोज्यात नवा जोड टाक बाई, ह्या पुठ्ठ्यानं माझे डाव जायलेत."