ब्यूरोने पाठवलेली बाई, तीन दिवसांचे काम आणि गेलेले 33,030 रुपये

घरकामासाठी बाई मिळवून देतो असे सांगणाऱ्या एका ब्यूरोने जून 2025 मध्ये माझी 33,030 रुपयांची फसवणूक केली. लाज बाजूला ठेवून सर्व आकडे जसेच्या तसे लिहीत आहे, कारण पुण्यात नोकरी करून घरातले आजारपण सांभाळणाऱ्या कोणावरही ही वेळ येऊ शकते. ब्यूरोचे नाव लिहीत नाही. तक्रार प्रलंबित आहे, आणि ही मंडळी नाव बदलून पुन्हा त्याच धंद्याला लागतात, त्यामुळे नावापेक्षा त्यांची पद्धत ओळखणे अधिक उपयोगाचे आहे.

आधी माझी परिस्थिती सांगते, कारण "एवढी शिकलेली माणसं फसतातच कशी" हे वाक्य मला घरच्यांकडून, शेजाऱ्यांकडून आणि पोलीस ठाण्यातही ऐकावे लागले. आमच्याकडे अकरा वर्षे काम करणाऱ्या मावशी मे महिन्याच्या अखेरीस सुनेच्या बाळंतपणासाठी लातूरला गेल्या. त्याच आठवड्यात माझी 78 वर्षांची आई न्हाणीघरात पाय घसरून पडली, तिचे खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले होते की फरशी सतत कोरडी आणि स्वच्छ हवी, वॉकरखाली पाणी किंवा केर आला तर सगळे मुसळ केरात जाईल. केर-फरशी, भांडी, धुणे आणि मी कामावर असताना आईच्या हाकेला ओ देणारे माणूस, एवढीच माझी गरज होती. वॉचमन, इस्त्रीवाला, किराणा दुकानदार, खालच्या मजल्यावर काम करणाऱ्या बाया, सर्वांना सांगून झाले, पण ज्या मोकळ्या होत्या त्या सगळ्या तासाभराच्या कामाच्या होत्या आणि मला सकाळी 9 ते संध्याकाळी 6 अशी बाई हवी होती. माझी फक्त सहा दिवसांची रजा शिल्लक होती. अशा अवस्थेत मी 9 जूनला फोनवर शोध घेऊन त्या ब्यूरोला फोन केला.

पलीकडचा माणूस अत्यंत अदबीने बोलला. आईचे वय, शस्त्रक्रिया केव्हा झाली, घर किती खोल्यांचे, घरात कुत्रा आहे का, असे सगळे त्याने विचारून घेतले आणि तासाभरात चार बायांचे फोटो पाठवले. त्यानंतर पैसे कसे सुटत गेले ते पाहा. नोंदणी शुल्क जीएसटीसह 1,180 रुपये. कमिशन म्हणून अर्ध्या महिन्याचा पगार, म्हणजे 9,000 रुपये. पोलीस व्हेरिफिकेशनचे 750. करारपत्राचे 600. आणि पहिल्या महिन्याचा पूर्ण पगार 18,000 रुपये ब्यूरोकडे आगाऊ, कारण "मॅडम, बाई मध्येच सोडून गेली तर तुमचे पैसे आमच्याकडे सुरक्षित राहतात". हे वाक्य मला त्या वेळी पटले, याची आजही चीड येते. 11 जूनच्या संध्याकाळपर्यंत 29,530 रुपये मी यूपीआयने पाठवलेले होते. ते कोणाच्या खात्यात जात आहेत हे पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर दिसत होते. ते ब्यूरोचे नाव नव्हते, एका व्यक्तीचे होते. मी विचारले, तेव्हा "ते आमचे अकाउंटंट आहेत" असे उत्तर मिळाले आणि मी पिन टाकला. असे उत्तर मिळाले तर तिथेच फोन ठेवावा.

कागदपत्रेही त्याने न मागता पाठवली होती, म्हणून माझा विश्वास वाढला. आज ती पुन्हा उघडून पाहिली की प्रत्येक कागदावर खूण दिसते. शॉप ॲक्टचा जो कागद त्याने "आमचे सरकारी लायसन्स" म्हणून पाठवला, ती केवळ सूचना दिल्याची ऑनलाइन पावती होती. महाराष्ट्रात 2017 च्या या कायद्यानुसार त्या वेळी, जून 2025 मध्ये, दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेने फक्त अशी सूचना द्यायची होती, त्यामुळे ती पावती पाहून ब्यूरोची कोणी तपासणी केली आहे असे समजू नये. पैशांच्या पावतीवरील जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे 07 होते, म्हणजे तो दिल्लीचा क्रमांक होता. महाराष्ट्राचे क्रमांक 27 ने सुरू होतात. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला असता तर अर्ध्या मिनिटात कळले असते की तो भलत्याच व्यवसायाचा असून नोंदणीही रद्द झालेली आहे. करारपत्र 100 रुपयांच्या मुद्रांकावर होते. ऑक्टोबर 2024 पासून आपल्या राज्यात अशा करारासाठी 500 रुपयांचा मुद्रांक लागतो, हे मला ठाऊक होते, कारण माझ्या कार्यालयात तेच कागद रोज माझ्या टेबलावरून जातात. त्या संध्याकाळी आईला उलट्या होत होत्या, मी एका हाताने तिची पाठ धरली होती आणि दुसऱ्या हाताने सही केली. हे निमित्त म्हणून सांगत नाही. तसे घडले, म्हणून सांगते.

12 जूनला सकाळी 9 वाजता बाई आली. वय पस्तिशीच्या आसपास, बोलणे कमी, हात चपळ. आधार कार्डाच्या झेरॉक्सवर आणि करारावर तिचे नाव सुनीता होते. तिचे काम चांगले होते, हे मी प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. आईच्या पलंगाखाली ती पालथी होऊन पुसायची, पोछा दोनदा पिळून मगच फरशीवर टाकायची, आणि फरशी वाळेपर्यंत आईला उठू देत नसे.

मला जे कळायला हवे होते ते दुसऱ्याच दिवशी माझ्यासमोर घडले. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, "सुनीता, बादली बाहेर ठेव." ती चार हात अंतरावर बसून पोछा पिळत होती. तिने मान वळवली नाही. मी पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मोठ्याने हाक मारल्यावर ती दचकली, "अं, मला म्हणलात का, ताई?" म्हणाली आणि तिचा चेहरा पडला. माणसाला स्वतःचे नाव तीनदा ऐकू येत नाही असे होत नाही. तो क्षण मी किती वेळा मनात परत आणला असेल याची गणती नाही. त्या वेळी मी मनाची समजूत घातली की पंख्याच्या आवाजात ऐकू गेले नसेल. मला बाई हवी होती, म्हणून मला पंख्याचा आवाज ऐकू आला. तेव्हाच मी खाली बसून शांतपणे तिचे खरे नाव विचारले असते तर पुढचे 3,500 रुपये तरी वाचले असते, आणि कदाचित पगाराचे 18,000 अडवण्याची धडपडही वेळेवर सुरू करता आली असती.

शनिवारी, 14 जूनला, तिने मुलाच्या शाळेच्या वह्या-पुस्तकांसाठी 2,000 रुपये उचल मागितली. मी रोख दिले. रविवारी सुट्टी होती. सोमवारी ती आली नाही. ब्यूरोने सांगितले की तिचे सासरे वारले, ती गावी गेली, दोन दिवसांत बदली बाई देतो. मंगळवारी "बदली बाईचे येण्याजाण्याचे भाडे" म्हणून 1,500 रुपये मागितले आणि तेही मी दिले, कारण 29,530 रुपये अडकलेले असताना आणखी 1,500 मुळे ते सुटतील असे वाटत होते. आधीचे पैसे वाचवण्यासाठी पुन्हा पैसे द्यावे लागत आहेत, असे ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी एक रुपयाही देऊ नका. बुधवारी फोन लागेना. त्या रात्री मी घरातले चमचे, वाट्या आणि आईच्या बांगड्या मोजल्या. सगळे जागच्या जागी होते.

19 जूनला मी करारावरच्या पत्त्यावर, सिंहगड रस्त्यावरील एका इमारतीत गेले. तेथे झेरॉक्सचे दुकान होते. दुकानदाराने माझ्या हातातला कागद पाहूनच सांगितले, "ताई, या महिन्यात तुम्ही चौथ्या." आधारची झेरॉक्स मी तेव्हा प्रथमच तपासली. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक टाकला की वयोगट, लिंग आणि राज्य दिसते. तो क्रमांक साठीच्या पुढच्या एका पुरुषाचा निघाला. कोणाकडूनही आधार घेतले तर ही तपासणी त्याच क्षणी, त्या माणसासमोर करा. आणि पोलीस व्हेरिफिकेशनचे पैसे ब्यूरोला कधीही देऊ नका, ती माहिती पोलिसांना आपण स्वतः द्यावी.

फसवणुकीपेक्षा मला नंतरच्या फेऱ्यांचा जास्त संताप आहे. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर मी त्याच दिवशी तक्रार नोंदवली, क्रमांकही मिळाला, पण पहिली रक्कम जाऊन तोवर दहा दिवस होत आले होते आणि त्या खात्यात 212 रुपये उरले होते. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला आहे, त्यामुळे हा व्यवहार तुमच्या संमतीचा ठरतो. आमच्या भागातील पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी सायबर विभागाकडे पाठवले. सायबर विभागाने सांगितले की बाई प्रत्यक्ष घरी येऊन काम करून गेली आहे, त्यामुळे हे सायबर प्रकरण नाही, ठाण्यातच जा. ठाण्यात परत गेले तर ब्यूरोचा पत्ता दुसऱ्या हद्दीत आहे, तिकडे जा. तिकडे गेले तर "करार झालेला आहे ना, मग हे दिवाणी आहे, वकील बघा". आईला शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवून, अर्ध्या अर्ध्या पगाराची रजा टाकून मी या चार ठिकाणी सात फेऱ्या मारल्या. प्रत्येक ठिकाणी मला बसायला सांगितले गेले, प्रत्येक ठिकाणी "तुम्ही आधी पैसे दिलेच कशाला" हे विचारले गेले, आणि ज्या खात्यात पैसे गेले त्या खातेदाराचे नाव माझ्या कागदावर ठळक लिहिलेले असताना एकानेही त्याला फोन लावून पाहिला नाही. खोट्या नावाचे माणूस आणि खोटा पत्ता दाखवून पैसे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खालचा दखलपात्र गुन्हा आहे, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्दीचे कारण सांगून माहिती नोंदवण्यास नकार देता येत नाही. हे मी छापून नेले होते. साहेबांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका. अर्ज ठेवून जा." अर्ज ठेवून जाण्यापूर्वी दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तुम्ही मात्र हलू नका. मी पहिल्या दोन वेळा तो घेतला नाही, आणि ते दोन्ही अर्ज आज कोणाला सापडत नाहीत.

कामगार खात्याच्या एका कार्यालयातही गेले. 2008 च्या कायद्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ आहे, तिथे बायांची नोंदणी होते, ब्यूरोचा विषय आमच्याकडे येत नाही, असे उत्तर मिळाले. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, ही चांगली सोय आहे, पण समोरच्याला नोटीस बजावायला खरा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे झेरॉक्सच्या दुकानाचा आहे. म्हणून पैसे देण्यापूर्वी ब्यूरोच्या कार्यालयात स्वतः जाऊन या. तेवढा वेळ नसेल तर ओळखीच्या कोणाला तरी पाठवा. आणि पगार ब्यूरोला मुळीच देऊ नका. तो महिना भरल्यावर, बाईच्या स्वतःच्या खात्यात किंवा तिच्या हातात द्या.

या सगळ्या काळात मी सोसायटीच्या गटावर त्या बाईचा फोटो टाकून "ही चोर आहे, सावध राहा" असे लिहिले होते. 6 जुलैला मला एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. "ताई, मी तुमच्याकडे फरशी पुसायला होते. माझा तीन दिवसांचा पगार राहिला." मी सुरुवातीला तिला नाही नाही ते बोलले. ती रडली नाही, फक्त थांबली आणि मग सांगू लागली. ती मूळची नांदेड जिल्ह्यातील. ब्यूरोच्या माणसाने तिला बजावले होते की या घरी तुझे नाव सुनीता, गावाचे नाव काढायचे नाही. मी दिलेले 2,000 रुपये त्याने त्याच रात्री तिच्या नोंदणीचे म्हणून काढून घेतले. रविवारी तिला सांगितले की मॅडमनी तुला काढून टाकले, उद्यापासून दुसऱ्या घरी जा. त्या दुसऱ्या घरीही चौथ्या दिवशी तेच झाले. तिचे सासरे जिवंत आहेत.

माझ्या 18,000 रुपयांपैकी तिला एक पैसाही मिळालेला नव्हता. तीन दिवसांचे 1,800 रुपये मी तिला दिले. ते वरच्या आकड्यात धरलेले नाहीत, कारण ती तिची मजुरी होती. गटावरचा फोटो काढला आणि जे लिहिले होते ते चूक होते असेही लिहिले.

दुसऱ्या आठवड्यात ती आणि मी मिळून पुन्हा त्याच ठाण्यात गेलो. तिने खरे नाव सांगितले, ब्यूरोच्या माणसाने ज्या खोलीत तिला आणि आणखी पाच बायांना ठेवले होते त्या खोलीचा पत्ता सांगितला. हवालदारांनी सगळे साध्या कागदावर लिहून घेतले आणि तिचा अंगठा घेऊ लागले. तिने पेन मागून सही केली. त्या कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर मी शिक्का आणि तारीख घेतली आहे. गुन्ह्याचा क्रमांक अद्याप मिळालेला नाही.