गाडीतली तयार प्रथमोपचार पेटी: खरचटण्यापुरती ठीक, पुढे अपुरी

नव्या गाडीसोबत येणारी असो वा मेडिकलमधून घेतलेली, ही पेटी उघडली की बहुधा तेच सामान निघतं: चिकटपट्ट्या, कापसाची गुंडाळी, दोन इंची बँडेज, जंतुनाशकाची छोटी बाटली, भाजल्यावर लावायचं मलम आणि जेमतेम कागद कापणारी कात्री. बोट कापलं, टाच सोलली, इथपर्यंत पेटी चांगली चालते. मोठ्या अपघातात मात्र यातलं निम्मं सामान बिनकामाचं आणि थोडं त्रासदायकच ठरतं.

आधी कापूस काढा. त्याचे तंतू जखमेत अडकतात. त्याऐवजी 10 बाय 10 सेंटिमीटरचे निर्जंतुक गॉज, म्हणजे जाळीदार कापडाच्या घड्या (दहा तरी हवेत), आणि 10 व 15 सेंटिमीटर रुंदीची क्रेप, म्हणजे ताणली जाणारी, बँडेज ठेवा. गॉज जखमेवर ठेवून तळहाताने सलग दाबायचा. सारखा उचलून पाहिला की नुकती धरलेली गुठळी सुटते आणि रक्त पुन्हा वाहू लागतं. उलटलेली कातडी कापू नका, जागेवर पसरून झाका.

मुका मार जास्त फसवतो, कारण कातडी शाबूत असते. पोटरी कडक, ताणलेली झाली, बोटं हलवताना जीव जातो की काय अशी कळ आली, मुंग्या आल्या, तर आत दाब वाढतोय. अशा पायाला क्रेप बँडेज आवळायचं नाही, तडक रुग्णालय गाठायचं.

भाजल्यावर लावायची ट्यूबही आम्ही काढूनच टाकू. उपचार म्हणजे वाहतं साधं पाणी, 20 मिनिटं; बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही. रंगीत मलमाखाली कातडीचा रंग झाकला जातो आणि भाजलंय किती खोल हे ओळखायचं तर तो दिसायलाच हवा. लाल, ओलसर, फोड आलेली, झोंबणारी जागा कमी खोल. पांढरट किंवा काळपट, कोरडी, चामट आणि स्पर्श न कळणारी जागा खोल. त्यामुळे ‘दुखत नाहीये’ हे ऐकून निश्चिंत होऊ नका. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे शरीराचा साधारण 1 टक्का. भाजलेला भाग असाच मोजून 108 वर सांगता येतो. सूज चढण्याआधी अंगठ्या, बांगड्या काढा. पाणी ओतून झाल्यावर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म (अन्न झाकायचं पातळ पारदर्शक प्लास्टिक) पट्ट्यांसारखी वर ठेवा, गोल आवळू नका. नाकातले केस जळालेत, आवाज बसलाय, तर श्वासमार्ग सुजू शकतो. तिथे मलमपट्टीत वेळ घालवू नका.

महागड्या ‘ट्रॉमा’ (गंभीर इजेसाठीच्या) पेट्यांत छातीला पडलेल्या छिद्रावर चिकटवायचं सील येतं. प्रशिक्षण नसेल तर ते विकत घेऊ नका. छातीवरची, श्वासागणिक आवाज करणारी, रक्तात बुडबुडे येणारी जखम उघडी ठेवणंच सुरक्षित. ती घट्ट बंद झाली की छातीत हवा कोंडते, फुफ्फुस दबतं, पुढे हृदयावरही दाब येतो. गॉज ठेवला आणि तो रक्ताने चिंब झाला तरी हेच होतं. प्रशिक्षित माणसाने आतली हवा बाहेर सोडणारी झडप असलेलंच सील घ्यावं, घाम-रक्त पुसून लावावं आणि लावल्यावर धाप वाढली तर लगेच उचलावं. पाठ आणि काखही तपासा, दुसरं छिद्र तिथे असू शकतं. रुतलेला गज किंवा काच ओढून काढू नका.

कात्री बोथट टोकाची, जीन्स आणि सीटबेल्ट कापणारी घ्या. नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे दोन जोड. उन्हाळ्यात बंद गाडीच्या उष्णतेने चिकटपट्टीचा गोंद सुटतो, म्हणून मे महिन्यानंतर एकदा पेटी तपासा. आणि ती डिकीत, स्टेपनीखाली ठेवू नका. मागून धडक बसली की डिकी उघडेलच असं नाही.