डब्यातली केबल काउंटरवर ठेवून आलो

मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, मी कॉलेजात असल्यापासून जातोय. त्यामुळे तिथे आपल्याला कुणी बनवणार नाही, अशी एक घमेंड होती. ती गेल्या पावसाळ्यात उतरली.

मॉनिटर घेतला २७ इंची, फोरके (४के), म्हणजे खूप बारीक ठिपक्यांच्या चित्राचा. त्यात काही खोट नव्हती, भावही रास्त. दुकानदाराने खोकं उघडून पॅनेल पेटवून दाखवलं, मग आतली एचडीएमआय केबल दोन बोटांत धरून म्हणाला, "साहेब, ही नुसती नावाला असते. फोरके हिला झेपणार नाही." आणि समोर ठेवली जाडजूड, कापडी विणीची, सोनेरी टोकांची केबल. वर छापलेलं '८के २.१'. किंमत १,४०० रुपये. पक्कं बिल नको असेल तर १,२००. मी दोनशे वाचवले. डब्यातली केबल "घेऊन काय करणार" म्हणून काउंटरवरच राहिली.

घरी लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टला लावली. चित्र झकास. दहा मिनिटांनी पडदा काळा, दोन सेकंदांनी परत हजर. दिवसभर तेच, मीटिंगच्या ऐन मध्यात तर हमखास. परत दुकानात. "लॅपटॉपचं पोर्ट वीक आहे," असं निदान झालं आणि १,६५० रुपयांचा टाइप-सी ते एचडीएमआय कन्व्हर्टर गळ्यात पडला. लावला, आणि पडदा जायचा थांबला की! त्या माणसाला मी मनातल्या मनात दुवाही दिला.

फक्त माउस अडखळत चालायचा. पान सरकवलं की अक्षरं मागे रेंगाळल्यासारखी वाटायची. डोळे दुखायला लागले तेव्हा चष्म्याचा नंबर तपासून आलो. नंबर तोच निघाला. ती फीसुद्धा या खात्यात धरा.

महिन्याभराने भाचा आला. त्याने सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडलं आणि म्हणाला, "मामा, हा ३० हर्ट्झवर का चालवतोस?" म्हणजे चित्र सेकंदाला फक्त ३० वेळा बदलत होतं. यादीत ६० चा पर्यायच नव्हता. मॉनिटरच्या मेनूत एचडीएमआयच्या जुन्या १.४ आवृत्तीवर अडकवून ठेवलंय का, तेही त्याने पाहिलं. काही मॉनिटरांत तसं असतं. माझ्यात नव्हतं. कन्व्हर्टरच जुन्या जातीचा, फोरके त्याला फक्त ३० वर जमायचं.

मग सगळा उलगडा झाला. फोरके ६० हर्ट्झवर चालवायला तारेतून सेकंदाला जवळजवळ १८ गिगाबिट एवढी माहिती जावी लागते, ३० वर त्याच्या निम्मी. माझ्या '८के' केबलला १८ चा भार सोसत नव्हता, म्हणून पडदा जायचा. कन्व्हर्टरने भारच अर्धा केला, तशी ती निमूट चालू लागली. एका खोट्या मालाचं दुखणं दुसऱ्या मालाने झाकलं, आणि पैसे दोन्हींचे माझे. पोर्ट ठणठणीत होतं. ऑफिसातल्या मित्राची केबल थेट पोर्टला लावली, सेटिंग ६० केलं. आठवडाभर पडदा एकदाही गेला नाही.

त्याच्या केबलच्या पाकिटावर 'प्रीमियम हाय स्पीड' असं क्यूआर कोडवालं लेबल होतं, ते एचडीएमआयच्या अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करून खरं-खोटं कळतं. १८ गिगाबिटला ही जात, ४८ ला 'अल्ट्रा हाय स्पीड'. केबलची ओळख या नावांनीच द्यायची, '२.१' असला आवृत्तीचा आकडा तिच्यावर टाकायचा नाही, असा एचडीएमआयवाल्यांचाच नियम आहे. माझ्या पाकिटावरही क्यूआर होता म्हणा. स्कॅन केला तर कुठल्याशा दुकानाचं पान उघडलं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायला निघालो, पण हातात काय? 'एस्टिमेट' लिहिलेला चिठोरा, त्यावर 'केबल १'. दुकानाचं नावसुद्धा नाही. कन्व्हर्टरचा तर चिठोराही नाही.

तरी एकदा भांडायला गेलोच. "पाकीट फोडलेला माल परत होत नाही," एवढंच उत्तर. वाद घालता घालता नजर त्याच्या मागच्या खिळ्याकडे गेली. साध्या काळ्या केबलींचा जुडगा लटकत होता, कंपनीने बांधलेल्या तारेसकट, हुबेहूब माझ्या मॉनिटरच्या खोक्यात होती तशा. ही कितीला, म्हणून विचारलं.

"साडेतीनशे. डब्यातली आहे साहेब, ओरिजिनल. फोरके आरामात चालेल."