नवा म्हणून आमचाच जुना वायर रोप पुन्हा बसवला गेला

आमच्या होइस्टचा (भार उचलण्याच्या यंत्राचा) 12 मिमी व्यासाचा वायर रोप, म्हणजे पोलादी तारांचा दोर, हुकाकडच्या भागात झिजला होता, म्हणून तो बदलण्याचे काम आम्ही एका कंत्राटदाराला दिले. काम चालू असताना मी तिथे उभा होतो आणि तरीही फसलो.

जुना दोर उतरवून त्याने गाडीत टाकला आणि दुसऱ्या दिवशी ताज्या ग्रीसने माखलेले एक वेटोळे घेऊन तो आला. रील कुठे आहे असे विचारल्यावर, मोठ्या रीलवरून लागेल तेवढाच दोर कापून आणला आहे, असे उत्तर मिळाले. प्रमाणपत्राच्या छायाप्रतीवर रीलचा क्रमांक होता, पण रीलच समोर नसल्यामुळे तो कशाशी ताडून पाहणार? मी व्हर्नियरने हुकाकडच्या टोकाचा व्यास मोजला, तो 12.3 मिमी भरला आणि माझे समाधान झाले. दुसरे टोक मोजले नाही, ही माझी चूक.

गुंडाळणीही तशीच झाली. वेटोळे जमिनीवर पडलेले, त्यातून एकेक फेरा आडवा ओढला जात होता (अशा प्रत्येक फेऱ्याबरोबर दोराला पीळ पडतो) आणि मागून ताण धरणारे कोणीच नव्हते. मी हरकत घेतली तेव्हा, भार आला की दोर आपोआप बसेल, असे मला सांगण्यात आले. हे साफ चुकीचे आहे. ड्रमवर, म्हणजे दोर गुंडाळला जातो त्या फिरत्या नळकांड्यावर, एकाहून अधिक थर येत असतील, तर खालचे थर ज्या ताणाने गुंडाळले तेवढेच घट्ट राहतात. पुढे भार आला की वरचा दोर त्या सैल वेढ्यांमध्ये पाचरीसारखा घुसतो. हलक्या भाराच्या चाचणीत यातले काहीच दिसले नाही.

काही आठवड्यांनी भार खाली सोडताना, आत रुतलेला दोर एकदम सुटला आणि भार वीतभर खाली आदळून थांबला. खाली कोणी नव्हते. कंत्राटदाराने फोनवर एवढेच म्हटले, की तुम्ही क्षमतेपेक्षा जास्त भार उचलला असेल.

आम्ही संपूर्ण दोर उलगडला. दोराचे टोक ड्रमला जिथे अडकवलेले असते, तिथून तिसऱ्या वेढ्यात, ग्रीस पुसल्यावर, एक चपटी, चकाकणारी जागा दिसली. दोन पदरांवरच्या (तारा पिळून केलेल्या पेडांवरच्या) तारा एका बाजूने घासून सपाट झाल्या होत्या. ही जागा मी ओळखत होतो. जुन्या दोराच्या तपासणीत, हुकापासून सुमारे दोन मीटरवर, ती मी स्वतः नोंदवहीत लिहिली होती. त्याने आमचाच दोर धुऊन, ग्रीस लावून, टोके उलटी करून बसवला होता. ड्रमवरचे शेवटचे दोन-तीन वेढे हुक अगदी खाली असतानाही सोडायचे नसतात, त्यामुळे ते टोक कधी झिजत नाही आणि नव्यासारखे दिसते. तेच हुकाकडे आले आणि झिजलेले टोक अशा जागी गेले, जी रोजच्या तपासणीत दिसतच नाही. तिथला व्यास 11.2 मिमी भरला. दोन टोकांमधला फरक 1.1 मिमी, म्हणजे 12 मिमी या नाममात्र मापाच्या 9 टक्क्यांहून अधिक. पोलादी गाभ्याच्या सहा पदरी दोराची जाडी सर्वत्र सारखीच घटली असेल, तर आयएसओ 4309 हे क्रेनच्या दोरांच्या तपासणीचे आंतरराष्ट्रीय मानक 7.5 टक्क्यांवरच तो बाद करायला सांगते.

पैसे परत मिळाले नाहीत. पुढचा दोर आम्ही रीलसकट मागवला आणि रीलवरची बांधणी सोडण्यापूर्वी तिच्या पट्टीचा क्रमांक मूळ प्रमाणपत्राशी जुळवला. जुना दोर लगेच कापून त्याचे तुकडे केले. नव्याचा व्यास दोन्ही टोकांना आणि मध्ये, समोरासमोरच्या पदरांच्या उंचवट्यांवर मोजला. खोलगट जागी मोजल्यास माप कमी येते. रील आडव्या दांड्यावर फिरते ठेवले, तिच्या कडेवर लाकडी फळी दाबून ताण धरला आणि रीलच्या वरून निघालेला दोर ड्रमच्याही वरूनच घेतला, म्हणजे त्याला उलटा बाक बसला नाही. पहिल्या थराचा प्रत्येक वेढा लाकडी हातोडीने शेजारच्या वेढ्याला टेकवला. मग आधी हलक्या भाराने अनेक फेऱ्या केल्या आणि दर काही फेऱ्यांनंतर होइस्ट बंद करून थर पाहिले. पूर्ण भार त्यानंतरच उचलला.