कंपनीच्या नावाचा मेल आयडी : आठ महिने वापरल्यानंतर

आमचं कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत छोटं मशिन शॉप आहे, फाउंड्रीतून कास्टिंग येतं त्याचं मशिनिंग करून द्यायचं, एवढंच. इतकी वर्षं सगळा कारभार एका जीमेलवर चालायचा आणि त्याचा पासवर्ड ऑफिसात कॅलेंडरच्या मागे भिंतीवर पेनानं लिहिलेला. मग एका मोठ्या कस्टमरच्या परचेसवाल्यानं व्हेंडर फॉर्म बघून फोनवर विचारलं, "कंपनीच्या नावाचा मेल नाही काय तुमचा?" बाबांना ते लागलं, आणि गणपतीच्या आधी हे काम माझ्या गळ्यात पडलं.

कुठल्या कंपनीकडून मेल घेतला ते मुद्दाम लिहीत नाही, कारण कुठेही गेलात तरी डोकेदुखी हीच असते, फक्त बटणं वेगळ्या जागी.

मला वाटलेलं एका दुपारचं काम आहे. मेलचं सेटिंग खरंच एका दुपारचंच होतं पण डोमेनच, म्हणजे मेल आयडीतलं @ नंतरचं नाव, आमच्या ताब्यात नव्हतं! वेबसाइट करणाऱ्या पोरानं ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मेल आयडीवर घेतलेलं, आणि तो आता पुण्यात नोकरीला. पोरगं चांगलं म्हणून दिलं, पण लॉगिन शोधून ट्रान्सफर कोड पाठवेपर्यंत तीन आठवडे गेले. तुमचं डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आजच बघा, बाकीचं नंतर वाचा.

डोमेन हातात आल्यावर एमएक्स रेकॉर्ड बदलायचे, म्हणजे या नावाचा मेल कुठल्या सर्व्हरवर टाकायचा तो पत्ता. काकांना भीती की वेबसाइट बंद पडेल. नाही पडत, नेमसर्व्हरला (डोमेनचे सगळे रेकॉर्ड जिथे असतात तो सर्व्हर) हात लावायचा नाही, फक्त एमएक्स बदलायचे, वेबसाइट आहे तिथेच राहते. जुने एमएक्स मात्र काढून टाका, मी दोन दिवस दोन्ही ठेवले आणि निम्मे मेल जुन्या होस्टिंगच्या डब्यात जाऊन पडले.

डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच आमच्याच डोमेनचा आहे हे दाखवणारी डिजिटल सही, तिच्यावर अख्खी संध्याकाळ घालवली. व्हेरिफाय दाबलं की लाल फुली. शेवटी कळलं की नावाच्या रकान्यात मी पूर्ण डोमेनसकट पत्ता टाकत होतो आणि पॅनल स्वतःहून मागे परत डोमेन चिकटवत होतं, म्हणजे आमचं नाव ओळीत दोनदा. मागचा भाग खोडला, अर्ध्या तासात हिरवी टिक.

एसपीएफचा घोळ तर आणखी भारी. मेल जातायत, समोरून उत्तर नाही, फोन केला तर "स्पॅममध्ये पडलंय की हो." एसपीएफ म्हणजे आमच्या नावानं कोण कोण मेल पाठवू शकतं त्याची यादी, आणि एका डोमेनला ती एकच लागते. आमच्याकडे दोन होत्या, एक जुन्या होस्टिंगची, एक मी टाकलेली. दोन असल्या की तपासणीच फेल जाते. दोन्हीची एक ओळ केली. तरी बिलं स्पॅममध्येच, कारण बिलिंगचं सॉफ्टवेअर त्याच्या वेगळ्या सर्व्हरवरून मेल सोडतं, त्याचं नाव यादीत नव्हतं! फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केलेत, एसपीएफ नाहीतर डीकेआयएम पाहिजेच, आणि जीमेलवर दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही पाहिजेत, वर डीमार्कही, म्हणजे या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी ओळ. आम्ही कुठले ५००० पाठवतोय, पण डीमार्क लावलं, पहिले दोन महिने नुसतं बघ्याच्या मोडवर ठेवून मग क्वारंटाइन केलं, म्हणजे नापास मेल स्पॅममध्ये टाका.

एवढं सगळं होऊनही माझी खरी चूक वेगळीच. मी सगळी खाती माणसांच्या नावानं काढली. दिवाळीनंतर क्वालिटीचा पोरगा सोडून गेला आणि कस्टमरच्या तक्रारी पुढचे दहा दिवस त्याच्याच इनबॉक्सात. तेव्हापासून बाहेर फक्त कामाचे पत्ते देतो, सेल्स, अकाउंट्स, क्वालिटी, आणि ते आत कुणाला जातील हे आम्ही ठरवतो. हे पत्ते एलियास (त्याच खात्याचा दुसरा पत्ता) किंवा ग्रुप म्हणून काढायचे, त्याचे वेगळे पैसे आम्हाला पडले नाहीत, पैसे खऱ्या खात्याचेच, आमची पाच आहेत. (बिल घेताना जीएसटी नंबर आधीच टाका, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, पहिल्या बिलात मी विसरलो आणि अकाउंटच्या ताई अजून ऐकवतात.)

पण ग्रुपचाही एक तमाशा झाला. एन्क्वायरीचा मेल तिघांना जायचा, एकाच ड्रॉइंगला बाबांनी एक रेट दिला, काकांनी दुसरा, मी तिसरा. कस्टमरनं अर्थातच काकांचा धरला, सगळ्यात कमी. आता जो उत्तर देणार तो आधी मेलवर स्वतःच्या नावाचं लेबल लावतो. लेबल विसरलं की काका वर्कशॉपमधून ओरडून विचारतात, तेही चालतं.

सिग्नेचरमध्ये मी हौसेनं लोगो, आयएसओचा शिक्का, फॅक्टरीचा फोटो असं सगळं टाकलेलं. समोरच्याला प्रत्येक मेलबरोबर तीन अटॅचमेंट दिसायच्या आणि खरं ड्रॉइंग त्यात हरवायचं. आता नाव, मोबाइल, पत्ता, जीएसटी नंबर, चार ओळी. आणि अकाउंट्सच्या सिग्नेचरला एक लाल ओळ, बँक खातं बदललंय असा मेल आला तर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे सोडू नका.

तक्रारी आहेतच. २५ एमबीची लिमिट म्हणतात पण मेलमध्ये जाताना फाइल साधारण एक तृतीयांशानं फुगते, त्यामुळे २० एमबीचं ड्रॉइंगही परत येतं, लिंक पाठवावी लागते. टू-स्टेप, म्हणजे लॉगिनला पासवर्डबरोबर आणखी एक खात्री, चालू केल्यावर ताईंच्या आउटलुकला नेहमीचा पासवर्ड चालेना, ॲप पासवर्ड वेगळा काढावा लागला. त्याच वेळी दिसलं की त्यांचं आउटलुक पॉपवर आहे, मेल कॉम्प्युटरवर उतरला की सर्व्हरवरून गायब. आयमॅप केलं, त्यात मेल सर्व्हरवरच राहतो, जुने मेल फोल्डर-फोल्डर करून वर चढवले, दोन रविवार गेले त्यात.

आणि एक गोष्ट मी आधी विचारातच घेतली नाही, आमच्या नावात श्री आहे. डोमेनमध्ये डबल ई, निम्मे लोक आय टाकतात. मेल बाउन्स झाला तर निदान पाठवणाऱ्याला कळतं, पण तो परत फोन थोडाच करतो. शेवटी आय वालं डोमेनपण घेतलं आणि डोमेन एलियास म्हणून जोडलं, दोन्हीकडचे मेल एकाच डब्यात. पहिल्याच महिन्यात त्यावर दोन एन्क्वायऱ्या आल्या. काका मात्र फोनवर अजून जुना जीमेलच सांगतात, म्हणतात तो पाठ आहे. त्याचं फॉरवर्डिंग चालू ठेवलंय.