कॉन्सोलची बेल बंद करू नका, नीट लावा

लिनक्सवरच्या केडीई डेस्कटॉपचं कॉन्सोल माझं रोजचं टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) आहे आणि त्यातली बेल, म्हणजे इशाऱ्याचा आवाज, मी पहिल्याच आठवड्यात बंद करून टाकली होती, कारण टॅब दाबून फाइलचं नाव पूर्ण करायला जावं आणि जुळणारं काही नसलं की टुंग, रिकाम्या ओळीवर बॅकस्पेस दाबला की टुंग, डोकं उठायचं नुसतं. मग एकदा सर्व्हरवर बॅकअप लावला आणि दुसऱ्या टॅबमध्ये काम करत बसले, डिस्क भरल्यामुळे बॅकअप दुसऱ्याच मिनिटाला बंद पडला आणि मला ते कळलं दोन तासांनी. त्या दिवशी बसून सगळं पहिल्यापासून लावलं.

आधी हे समजून घ्या की ती टुंगटुंग टर्मिनल स्वतःहून करत नाही. बॅश या शेलमधली (शेल म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) टायपिंग सांभाळणारी रीडलाइन ७ नंबरचं आस्की कॅरॅक्टर, म्हणजे अक्षरांच्या नंबरवार यादीतलं बेलचं चिन्ह, पाठवते, टर्मिनल फक्त ते वाजवतं. (जुन्या टेलिटाइप मशीनमध्ये याच कॅरॅक्टरवर खरीखुरी घंटा वाजायची.) म्हणून होम फोल्डरमधल्या डॉट-इनपुटआरसी फाइलमध्ये 'सेट बेल-स्टाइल नन' एवढी एक ओळ टाका आणि नवीन शेल उघडा, टायपिंगचा त्रास संपला आणि बेल कामासाठी मोकळी राहिली. सर्व्हरवर टाइप करताना मात्र तिथली फाइल लागू होते, तिथेही ही ओळ टाकायला लागते.

आता प्रोफाइल, म्हणजे कॉन्सोलच्या सेटिंग्जचा संच. मी दोन केलीत. एक रोजचं, त्यात बेल मोड 'व्हिज्युअल', म्हणजे आवाज नाही, फक्त क्षणभर स्क्रीनचे रंग उलटे होतात. दुसरं सर्व्हरचं, त्याची बॅकग्राउंड गडद लाल ठेवलीय म्हणजे चुकीच्या खिडकीत डिलीटची कमांड मारायच्या आधी हात थांबतो, उघडल्या उघडल्या एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायची कमांड) चालू होतं आणि बेल मोड 'सिस्टिम नोटिफिकेशन्स'. प्रत्येक प्रोफाइलला स्वतःचा शॉर्टकट देता येतो, हे तर मला फारच आवडलंय.

मोठ्या कमांडनंतर अर्धविराम देऊन 'टीपुट बेल' (tput bel, एकच एल) लिहायचं, बास. काम जमो की फसो, संपलं की बेल येतेच. आणि बेल म्हणजे शेवटी एकच बाइट, तो एसएसएचमधून सरळ आपल्यापर्यंत येतो, सर्व्हरवर वेगळं काही टाकायला लागत नाही! नोटिफिकेशनमध्ये सेशनचं नाव येतं, त्यामुळे टॅबला 'बॅकअप' असं सरळ नाव देऊन ठेवा, नाहीतर आठ टॅब उघडे असताना कुठला वाजला ते शोधत बसाल. चुकून बायनरी (टेक्स्ट नसलेली) फाइल कॅट कमांडने स्क्रीनवर ओतली आणि बेलमागून बेल आली तरी घाबरू नका, अर्ध्या सेकंदाच्या आत आलेली पुढची बेल कॉन्सोल गाळून टाकतं.

खटकणारी एकच गोष्ट आहे. बेल मोड प्रोफाइलमध्ये आणि त्यावर आवाज वाजवायचा की पॉपअप दाखवायचा हे ठरतं सेटिंग्ज मेनूतल्या 'कॉन्फिगर नोटिफिकेशन्स'मध्ये. नवीन माणूस एक बदलतो आणि काहीच होत नाही म्हणून सोडून देतो. पण तिथे एकदा नक्की जा, कारण समोर दिसणाऱ्या सेशनसाठी आणि मागच्या सेशनसाठी वेगवेगळं ठरवता येतं, मी समोरच्याला काहीच ठेवलं नाहीये आणि मागच्याला आवाज आणि पॉपअप दोन्ही. ज्या प्रोग्रॅमला बेल जोडता येत नाही त्याच्यासाठी 'मॉनिटर फॉर सायलेन्स' आहे, आउटपुट येणं थांबलं की कळवतं, कंपाइल करताना मी तेच वापरते.

माझ्याकडून ५ पैकी साडेचार. मशीन बदलताना होम फोल्डरमधल्या डॉट-लोकल/शेअर/कॉन्सोल या फोल्डरमधल्या प्रोफाइल फाइली उचलून न्या, साध्या टेक्स्ट फाइली आहेत, फक्त स्वतः बनवलेल्या कलर स्कीमच्या फाइली तिथेच वेगळ्या असतात, त्या पण घ्या, नाहीतर लाल बॅकग्राउंड मागेच राहील.