शनिवारचे व्याख्यान : नाऊरूचे हॅमर डीरोबर्ट

राजारामपुरीतील एका अभ्यासिकेने स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी दर शनिवारी संध्याकाळी एकेका देशावर दोन तासांचे व्याख्यान सुरू केले असून, पन्नास रुपये भरून बाहेरच्या श्रोत्यांनाही तेथे बसता येते. मुलीला सोडायला गेलो होतो, तो विषय वाचून तेथेच थांबलो. विषय होता प्रशांत महासागरातील नाऊरू हे अवघे 21 चौरस किलोमीटरचे बेट आणि त्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष हॅमर डीरोबर्ट.

व्याख्यात्या बाईंनी सुरुवात पदांच्या यादीने न करता 1943 पासून केली, हे मला फार आवडले. त्या वर्षी, दुसऱ्या महायुद्धात बेट ताब्यात घेतलेल्या जपानी सैन्याने सुमारे 1,200 नाऊरूवासीयांना प्रशांत महासागरातीलच दूरच्या ट्रुक बेटांवर नेले, त्यांपैकी 737 जणच जानेवारी 1946 मध्ये परतले आणि त्यांत तरुण डीरोबर्टही होते. 1956 मध्ये ते मुख्य सरदार झाले. खतासाठी लागणाऱ्या फॉस्फेटच्या खाणींनी बेट पोखरले जात होते, म्हणून सर्वांनी क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळील कर्टिस बेटावर जाऊन राहावे असा प्रस्ताव तेव्हा नाऊरूचा कारभार पाहणाऱ्या ऑस्ट्रेलियाने मांडला. नागरिकत्व मिळणार होते, पण स्वतःचे राज्य मिळणार नव्हते, म्हणून 1964 मध्ये तो नाकारला गेला. माझे आजोळ धरणात गेलेले आहे. गावाच्या बदल्यात जमीन मिळते, पण आपला शब्द चालणारी चावडी मिळत नाही, हे आजोबांकडून ऐकत मोठा झालो असल्याने हा भाग ऐकताना मी लिहायचेच विसरलो. पुढे 1967 मध्ये फॉस्फेट उद्योग 2 कोटी 10 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेण्याचा करार झाला आणि 31 जानेवारी 1968 रोजी, म्हणजे ट्रुकहून परतल्याच्याच तारखेला, देश स्वतंत्र झाला.

स्वातंत्र्यानंतरचा भाग मात्र शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकला गेला आणि तेथे माझी तक्रार आहे. 1976 मध्ये प्रतिस्पर्धी बर्नार्ड डोवियोगो यांच्याकडे गेलेली सत्ता 1978 मध्ये परत मिळवणारा हा नेता 1989 मध्ये अविश्वास ठरावाने का पायउतार झाला, हे तेव्हाच्या अठरा सदस्यांच्या संसदेत दोन-तीन जणांनी बाजू बदलली तरी सरकार कसे पडत असे, ते समजावल्याशिवाय कळत नाही. मेलबर्नमधील 52 मजली नाऊरू हाऊसचे छायाचित्र दाखवले, पण फॉस्फेटचा पैसा अशा इमारतींत गुंतवण्याच्या धोरणात डीरोबर्ट यांची जबाबदारी किती, हे तोलले नाही. ती इमारत 2004 मध्ये विकावी लागली. उलट, खाणींनी उजाड केलेल्या जमिनीबद्दल 1989 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाखल झालेला आणि त्यांच्या निधनानंतर, 1993 मध्ये, 10 कोटी 70 लाख डॉलरवर मिटलेला दावा तर पूर्णच राहून गेला.

चार पानी टिपण नेटके आहे. नकाशा मोठा छापायला हवा. बसायची व्यवस्था चांगली. याच विषयाचा उत्तरार्ध घ्यावा, असे तेथील अभिप्राय वहीत लिहून आलो आहे, आणि तो ठरला तर पन्नास रुपये भरून पुन्हा जाणार आहे.